काळी, पांढरी आणि माळवद : सोलापूरच्या ग्रामीण घराचा मागोवा

जुन्या मराठी कागदपत्रांत गाव दोन रंगांत विभागलेले असते. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. शेकडो वर्षे एकाच जागी माणसे राहिली, चुलींची राख आणि पडक्या भिंतींची माती थरावर थर साचत गेली, म्हणजे गावठाणाची माती पांढरट होते. सोलापूर, बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट या भागातले जुने घर याच मातीचे. या घराचे छप्पर म्हणजे माळवद. त्याकडे पाहिल्याशिवाय या मुलखाच्या वास्तुकलेचा विचार पुरा होत नाही.

कोकणातले उतरते कौलारू छप्पर मुसळधार पावसाला दिलेले उत्तर आहे, तर माळवद हे अवर्षणाला आणि उन्हाला दिलेले. सोलापूरकडे पाऊस बेताचा, उन्हाळा चाळिशी ओलांडणारा, लांब-रुंद लाकूड दुर्मीळ; दगड मात्र पायाखाली. म्हणून दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांच्या आत लाकडाचा स्वतंत्र सांगाडा अशी रचना रूढ झाली. दगडी उथळ्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण, त्यावर निंबाचा किंवा तरवडाचा पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा चोपून बसवलेला थर. काळी माती इथे चालत नाही. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पांढरी माती पहिल्या सरींत दबून घट्ट बसते आणि पाणी पन्हळीकडे वाहून जाते.

घराचे मापही या सांगाड्यावरूनच ठरे. दोन तुळयांमधले अंतर म्हणजे एक ‘खण’. घर किती मोठे, याचे उत्तर फुटांत न देता खणांत दिले जाई. उजेडासाठी माळवदाला साणे ठेवलेले असे. पाऊस आला की त्यावर झाकण पडे. बाहेरच्या भिंतीला खिडक्या जवळजवळ नसत. त्यामुळे माजघरात भर दुपारीही गारवा आणि अंधार दोन्ही असत.

खिडक्या नसण्याला ऊन हे एकच कारण नव्हते. हा मुलूख सैन्यांच्या वाटेवरचा. औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चार वर्षे भीमेकाठी ब्रह्मपुरीस, म्हणजे आजच्या माचणूरजवळ होती. २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले पडले ते याच जिल्ह्यातल्या आष्टीच्या लढाईत. मोठ्या वाड्याचा भक्कम दरवाजा, आतून भिंतीत सरकणारा अडसर, दरवाजामागची ढेळज, भिंतीत दडवलेले धान्याचे बळद आणि जमिनीखालचे पेव यांत त्या काळाची धास्ती उतरली आहे. ‘ढेळज’ हा शब्दही फारसी ‘दहलीज’वरून आलेला. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर पाहुणा टेकायचा, हिशेब व्हायचे, तंटे मिटायचे. परका माणूस इथवर. आतल्या चौकात शिरायचे ते घरच्यांनी. बायकांचा वावर मुख्यतः चौकापलीकडे, आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला ढेळजेचा ओटाही मोकळा नसे. घराच्या नकाशात जातीची आणि बाईपणाची सीमा अशी दगडात बांधलेली होती. जुन्या घराचे गुणगान करताना हे विसरून चालणार नाही.

या घराला सर्वांत मोठा हादरा बसला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. गणेश विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० बळी घेतले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. धक्का सोलापूर जिल्ह्यातही जाणवला आणि माळवदाखाली झोपण्याची भीती त्याहून दूरवर पसरली.

ती भीती खोटी नव्हती. मात्र अभियंत्यांनी पडझड तपासली तेव्हा दोष नेमका कुठे होता ते दिसले. भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग वेगवेगळे रचलेले, मध्ये दगडगोटे आणि चिखलाची भर, दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड नाहीत. हादऱ्याने भिंत उभी फाटली आणि ढासळली. माळवदाचे वजनही मूळचे राहिले नव्हते. दरवर्षी मृगाच्या आधी नवी माती टाकायची, पण जुना थर खरवडायचा नाही, अशाने कित्येक घरांवर दोन फुटांपर्यंत माती चढली होती. जिथे लाकडी सांगाडा नीट सांधलेला होता, तिथे भिंती पडूनही छप्पर खांबांवर तोलून राहिल्याची उदाहरणे नोंदली गेली. म्हणजे मूळ कल्पना शहाणी होती. कारागिरीतली हयगय आणि देखभालीतला आळस जिवावर बेतला. पण निकाल लागला तो संपूर्ण घराविरुद्ध.

आता प्रश्न संरक्षणाचा. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. त्यांच्या आधाराने सोलापूरचा भुईकोट किल्ला जपला जातो. नायगावचे सावित्रीबाई फुले यांचे जन्मघर, राजगुरुनगरचा हुतात्मा राजगुरूंचा वाडाही राज्य संरक्षित आहे. ते योग्यच. पण या घरांना संरक्षण मिळाले ते तिथे जन्मलेल्या माणसांमुळे. ज्या घरात कोणीही थोर जन्मले नाही, त्याच्यासाठी यादीत जागा नाही. उलट सरकारदरबारी मातीचे छप्पर म्हणजे ‘कच्चे घर’, आणि घरकुलासाठी सपाट प्रदेशात मिळणारे १ लाख २० हजार रुपये पक्के घर बांधण्यासाठी. गरिबाने ते का नाकारावे? गळके माळवद दरवर्षी चोपायला माणसे लागतात. ती शहरात गेली. मग वाडा उतरवला जातो, कोरीव खांब आणि दारे व्यापारी नेतात, दगड नव्या पायात जातात.

आफ्रिकेतल्या माली देशात जेन्ने नावाचे मातीचे गाव आहे. तिथल्या मोठ्या मशिदीला सारे गाव मिळून दरवर्षी नवा लेप देते आणि त्या दिवसाचा उत्सव होतो. १९८८ मध्ये जेन्ने जागतिक वारसा यादीत गेले. मातीची वास्तू एकदा जपून भागत नाही, दरवर्षी जपावी लागते, हे त्या गावाने ओळखले आहे.

आपल्याकडे प्रत्येक माळवद राखणे शक्य नाही आणि इष्टही नाही. पण दर तालुक्यातले एखादे गावठाण, एखादी सलग आळी निवडून तिची मोजणी व आराखडे करणे, भिंतींत आरपार दगड घालणे, माळवदावरचा जादा थर उतरवणे आणि राहणाऱ्या कुटुंबाला डागडुजीसाठी पैसा देणे अशक्य नाही. किल्लारीनंतर हे तंत्र आपल्याच अभियंत्यांनी आणि गवंड्यांनी वापरले आहे. किलचण कशी रचायची, माती किती चोपायची हे ज्यांच्या हातांना ठाऊक आहे, ते सुतार-गवंडी आता साठी-सत्तरीत आहेत. मोजणीला त्यांच्यापासूनच सुरुवात करायला हवी.