प्रीमियर ऑटोमोबाइल्स
मुंबईतील कुर्ला येथील पूर्वीची मोटारनिर्मिती कंपनी. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांसह आखलेल्या त्यांच्या आधीच्या मोटार योजनेला ब्रिटिश सरकारने पाठिंबा नाकारला होता. कंपनीने प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लरशी व पुढे इटलीच्या फियाटशी करार केला.

स्वातंत्र्यानंतर मोटारउद्योगात भांडवल खासगी राहिले, पण दिशा सरकार ठरवू लागले. देशात सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्यांनी निव्वळ जुळणी थांबवावी, असे धोरण १९५३ मध्ये ठरले. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. या सक्तीनेच देशात सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले, आणि हे या धोरणाचे सर्वांत मोठे देणे होय. मात्र उत्पादनक्षमता परवान्याने बांधलेली, आयात जवळपास बंद. त्यामुळे ग्राहक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहिला आणि गाडी फारशी बदललीच नाही. १९७० च्या दशकात कंपनीच्या फियाट ११०० गाडीची ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली, तरी मूळ आराखडा तोच होता. गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत असल्याने चालकाशेजारी सलग आसन बसे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीला ते फार सोयीचे ठरले. १९८३ मध्ये सरकारी भागीदारीतील मारुतीची गाडी बाजारात आली आणि पद्मिनीची मागणी ओसरत गेली.