वखारीमागची तोफ
#थ्रेड

१/ इ.स. १६६०. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला होता. गडावर येणारे काही गोळे राजापूरच्या इंग्रज वखारीतल्या लोकांनी डागलेले होते. त्यांच्या उखळी तोफेजवळ इंग्रजांचे निशाणही फडकत होते. मिरी आणि कापडाचा व्यापारी आपल्या युद्धात का उतरला?

२/ महाराजांनी हा प्रश्न अनुत्तरित ठेवला नाही. १६६१ मध्ये राजापूर ताब्यात आले, वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैदेत पडले. त्यांच्या सुटकेस १६६३ साल उजाडले. शत्रूला दारूगोळा पुरवणारा माणूस केवळ व्यापारी उरत नाही, हा त्यातला स्पष्ट इशारा होता.

३/ पण परकीय सत्तेचा धोका केवळ तोफेतून येत नाही. गोव्यातला बारदेश पोर्तुगीजांकडे होता. तिथले मीठ स्वस्त, आपल्या संगमेश्वरकडचे महाग. उदमी माणूस स्वस्ताकडेच वळणार. एकही गोळी न झाडता आपली बंदरे ओस पडण्याची ही वाट होती.

४/ म्हणून १६७१ मध्ये महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिले: बारदेशाच्या मिठाची स्वस्ताई उरू नये अशी जबर जकात बसवा, नाहीतर व्यापारी तिकडे ओढले जातील आणि आपली बंदरे पडतील. स्थानिक उत्पादनाच्या रक्षणासाठी जकात वापरण्याचे हे बोलके उदाहरण आहे.

५/ १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला. कंपनीच्या बहुतेक मागण्या मान्य झाल्या. मात्र आपले नाणे स्वराज्यात चालावे, ही मागणी महाराजांनी मानली नाही. ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्ती तिच्यावर करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. व्यापाराला होकार, नाण्याच्या सक्तीला नकार!

६/ १६७९ मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर मराठ्यांनी तट बांधायला घेतला. इंग्रज आणि सिद्दी दोघेही तुटून पडले, पण मराठ्यांनी बेट सोडले नाही. वखारीवर नजर ठेवायची तर समुद्रात पाय रोवलेला हवा, हे त्यांना उमगले होते.

७/ या साऱ्या अनुभवाचे सार रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त सापडते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा ग्रंथ बजावतो की टोपीकर इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि त्यांना भूमीचा लोभ आहे. व्यापार करू द्यावा, पण किनाऱ्यावर जागा देऊ नये, मजबूत इमारत बांधू देऊ नये.

८/ पुढे काय झाले? तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता. ही तक्रार खरी होती. पण घरचे भांडण मिटवायला नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले.

९/ किल्ल्यातली लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. विजयदुर्ग मराठ्यांना मिळाला तो त्याच वर्षीच्या तहानंतर. बाणकोट मात्र इंग्रजांकडे गेले. विजयदुर्गच्या मोहिमेत असलेला रॉबर्ट क्लाइव्ह १७५७ मध्ये प्लासीच्या रणांगणावर होता.

१०/ एका बंडखोर सरदाराचा बंदोबस्त झाला, पण आंग्र्यांच्या तोडीचे आरमार पुन्हा उभे राहिले नाही. ‘आज्ञापत्र’ लिहून तेव्हा जेमतेम चाळीस वर्षे झाली होती. धोका ओळखणारी माणसे आपल्याकडे होती. घरच्या वैरापुढे त्यांच्या शहाणपणाचा विसर पडला, आणि त्याची किंमत साऱ्या किनाऱ्याने मोजली.