जुने गोवे : ऑगस्टिनियन मठ आणि जॉर्जियाची राणी

जुने गोवे येथील 'मोंते सांतो' या टेकडीवर जांभ्या दगडाचा, सुमारे ४६ मीटर उंचीचा एक अर्धवट मनोरा उभा आहे. 'नोसा सेन्योरा द ग्रासा' या चर्चचा आणि त्याला जोडून असलेल्या ऑगस्टिनियन मठाचा हा अवशेष होय. हा मठ रोमन कॅथलिक पंथाचा. मात्र त्याची कीर्ती आज ज्या अस्थींमुळे आहे, त्या ऑर्थोडॉक्स पंथाच्या एका राणीच्या.

ऑगस्टिनियन धर्मगुरू १५७२ मध्ये गोव्यात आले. चर्चचे बांधकाम १६०२ मध्ये पूर्ण झाले. चार वेदी, आठ लहान प्रार्थनामंदिरे आणि लागूनच विस्तीर्ण मठ असा हा पसारा होता.

केतेवान ही पूर्व जॉर्जियातील काखेती राज्याची राणी. पुत्र तैमुराझ याच्या वतीने ती १६१४ मध्ये इराणचा शहा अब्बास पहिला याच्याकडे बोलणी करण्यास गेली आणि तेथेच ओलीस ठरली. सुमारे दहा वर्षे शिराझ येथे कैदेत काढल्यावर, धर्मांतरास नकार दिल्यामुळे १६२४ मध्ये तिचा छळ करून वध करण्यात आला. शिराझमधील ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या अस्थी गुप्तपणे हस्तगत केल्या. त्यांतील काही १६२७ मध्ये गोव्यास आल्या. काही जॉर्जियात तैमुराझच्या स्वाधीन करण्यात आल्या व काखेतीतील प्राचीन अलावेर्दी मठात ठेवल्या गेल्या. ऑर्थोडॉक्स राणीचे हौतात्म्य कॅथलिक साधूंनी आपलेच मानले, हे त्या काळातील पंथभेद ध्यानात घेता विशेषच म्हणावे लागेल. लिस्बनमधील त्यांच्या मठात या प्रसंगाचे चित्र रंगीत फरशांवर रेखाटलेले आहे.

पोर्तुगीज सरकारच्या आदेशानुसार १८३५ मध्ये गोव्यातील मठ रिकामा झाला आणि वास्तूला कोणी वाली उरला नाही. १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. चर्चची मोठी घंटा तेवढी वाचली. १८७१ पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे.

राणीच्या अस्थी मठाच्या सभा-प्रार्थनागृहात, दुसऱ्या खिडकीत काळ्या दगडाच्या पेटीत ठेवल्याची नोंद जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत होती. पण भिंतच उरली नाही, तेथे दुसरी खिडकी कोणती हे ठरवणार कसे? जॉर्जियातून आलेल्या पथकांनाही यश आले नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ढिगारे उपसून प्रार्थनागृहाचा आराखडा निश्चित केला, तेव्हा २००४ मध्ये हाताचे एक हाड हाती लागले.

हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने त्याची जनुकीय तपासणी केली. त्यात आढळलेला मातृवंशीय गट, 'यू१बी', भारतातील हजारो नमुन्यांत कोठेही मिळाला नाही; जॉर्जियातील नमुन्यांत मात्र मिळाला. तरीही शास्त्रज्ञांनी हे हाड राणीचे असण्याची दाट शक्यता आहे, एवढेच म्हटले. हा संयम नोंदवण्याजोगा आहे, कारण पर्यटकांना सांगितल्या जाणाऱ्या कथेतून तो बहुधा गळून पडतो.

हे अवशेष २०१७ मध्ये काही काळासाठी जॉर्जियास दर्शनार्थ पाठविण्यात आले होते. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांतील एक भाग तिबिलिसी येथे जॉर्जियाला कायमचा सुपूर्द केला. दुसरा भाग भारतातच ठेवण्यात आला.