मोटारीला जागा किती?

मोटार ही चालण्यासाठी असते अशी आपली समजूत आहे. परंतु तिचे बहुतेक आयुष्य उभे राहण्यात जाते. रात्रभर घरापाशी, दिवसभर कचेरीपाशी आणि सायंकाळी घटकाभर बाजारापाशी. या उभे राहण्यालाही इतिहास आहे, पण तो सहसा कोणी सांगत नाही. अलीकडे मात्र ठिकठिकाणी एक मागणी ऐकू येऊ लागली आहे. मोटारी मोठ्या झाल्या, तेव्हा वाहनतळावरील पांढऱ्या रेघाही दूर सरकवाव्यात, अशी ती मागणी. वरकरणी ती निर्विवाद वाटते. पाय वाढला की जोडा मोठा घ्यावा, यात वाद कसला? परंतु पाय निसर्गतः वाढतो. मोटार कोणीतरी वाढवलेली असते. ती कोणी वाढवली आणि का, हे पाहिल्यावाचून रेघांचा निकाल लावता येणार नाही.

मोटारीच्या मुक्कामाला कायद्याचे रूप प्रथम अमेरिकेत आले. १९२३ साली ओहायो राज्यातील कोलंबस शहराने नव्या निवासी इमारतींना मोटारींसाठी जागा ठेवणे सक्तीचे केले. १९३५ च्या जुलैत ओक्लाहोमा सिटीत रस्त्याच्या कडेला पहिले पार्किंग मीटर उभे राहिले. पाच सेंट टाकावे आणि ठरलेल्या वेळेपुरती गाडी उभी करावी. वेळेला किंमत आली, परंतु रुंदीला आली नाही. मोटार केवढीही असो, नाणे तेच.

पुढे अमेरिकन मोटारी सुटल्यासारख्या वाढल्या. १९५९ ची कॅडिलॅक साडेपाच मीटरांहून लांब आणि दोन मीटरांहून रुंद होती. मग १९७३ चे तेलसंकट आले, लहान मोटारींचे दिवस फिरले आणि शहरांनी त्यांच्यासाठी निराळ्या अरुंद चौकटी आखण्यास मुभा दिली. लॉस एंजेलिसच्या नियमांत साधी चौकट साडेआठ फूट रुंद, तर लहान मोटारीची साडेसात फूट. म्हणजे रेघा मोटारीप्रमाणे सरकवण्याचा प्रयोग एकदा होऊन गेला आहे. तोही उलट्या दिशेने. त्याचे फलित काय? काही वर्षांतच मोठ्या गाड्या परतल्या, लहानांसाठीच्या चौकटीत बेलाशक घुसू लागल्या, आणि कित्येक गावांनी त्या चौकटी पुसून पुन्हा रुंद रेघा मारल्या.

त्या परतल्या कशा, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १९७५ च्या अमेरिकन कायद्यान्वये इंधनाच्या काटकसरीची मर्यादा घालण्यात आली. तीत हलक्या मालवाहू गाड्यांसाठी पुढे सौम्य नियम ठेवण्यात आला. ज्यांना आज एसयूव्ही म्हणतात त्या गाड्या या सदरात बसवणे कारखानदारांना कठीण गेले नाही. नंतरच्या नियमांनी तर चाकांमधील क्षेत्रफळावरच मर्यादा बेतली. क्षेत्रफळ जितके अधिक, तितकी इंधनाची अट सैल. शेतकऱ्याच्या व सुताराच्या गाडीसाठी ठेवलेल्या सवलतीतून शहरी गृहस्थाची अवजड गाडी बाहेर पडली. ग्राहकाची हौस होतीच, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या हौशीला उतार दिला तो कायद्याने.

ब्रिटनमधील गोष्ट निराळी. तेथे २.४ मीटर रुंद व ४.८ मीटर लांब अशी चौकट कित्येक दशके रूढ आहे. १९५९ साली निघालेली मूळची मिनी सुमारे १.४ मीटर रुंद होती. तिच्या नावाने आज विकली जाणारी गाडी १.७ मीटरांच्या पलीकडे गेली आहे. युरोपातील नव्या मोटारींची सरासरी रुंदी २०१८ मध्ये १७७.८ सेंटिमीटर होती, ती २०२३ च्या पूर्वार्धात १८०.३ झाली. हे माप बाजूचे आरसे सोडून आहे. आता हिशेब पाहावा. २.४ मीटरांच्या चौकटींत १.८ मीटरांच्या दोन मोटारी शेजारी शेजारी मधोमध उभ्या केल्या, तर दोहोंमध्ये साठ सेंटिमीटर उरतात. जुन्या मिनीच्या काळी तेथे एक मीटर उरत असे. धडधाकट माणूस साठ सेंटिमीटरांतून अंग चोरून बाहेर पडेल. परंतु गुडघे धरलेल्या वृद्धेने काय करावे? कडेवर मूल घेतलेल्या आईने काय करावे? रेघा सरकवा म्हणणाऱ्यांची बाजू येथे खरोखर बळकट आहे, आणि तिला श्रीमंतांचा हट्ट म्हणून झिडकारणे न्यायाचे होणार नाही. वाढीचे सारे कारणही चैनीत नाही. दारांतील पोलादी आडव्या पट्ट्या, हवेच्या पिशव्या आणि जाड खांब यांनी माणसे वाचवली आहेत, आणि त्यांना जागा लागतेच.

अडचण निराळीच आहे. रेघ रंगाची असते, खांब काँक्रीटचा असतो. बहुमजली वाहनतळात दोन खांबांमधील मोकळे अंतर ७.२ मीटर असेल तर त्यात २.४ च्या तीन चौकटी बरोबर बसतात. चौकट २.७ ची करा म्हटले की तीन बसत नाहीत. दोनच उरतात आणि जवळपास दोन मीटर वाया जातात. मोटारीमागे तीस सेंटिमीटर मागितले, आणि किंमत पडली तिसऱ्या हिश्शाची. उघड्या मैदानात शंभर मीटरांच्या रांगेत एकेचाळीसच्या सदतीस चौकटी होतील, एवढेच. तळघरात हा व्यवहार असा सौम्य राहत नाही.

जपानने उलट बाजूने आरंभ केला. १९६२ च्या कायद्याने तेथे मोटार ठेवण्यास स्वतःची जागा असणे बंधनकारक झाले. सार्वजनिक रस्ता हे मोटारीचे घर नव्हे, असा त्याचा आशय. आधी जागा दाखवा, मग गाडी. त्याच्या जोडीला ‘केई’ या लहान मोटारींचा वर्ग होता. त्यांच्यासाठी करही हलका, आणि जागेच्या या अटीतूनही त्या प्रथम मोकळ्या होत्या. त्यांची कमाल रुंदी १९५० च्या दशकात १.३ मीटर होती. १९७६ मध्ये १.४, आणि १९९८ मध्ये १.४८ झाली. म्हणजे जपानी मोटारही वाढली. परंतु कायद्याला विचारून वाढली, आणि चार दशकांत वीतभरदेखील नाही.

या जपानी मापाशी आपला संबंध दूरचा नाही. १९८३ च्या डिसेंबरात दिल्लीत पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. तिचे इंजिन केईच्या मर्यादेहून मोठे होते, परंतु अंग त्याच वर्गातल्या सुझुकीचे होते. जपानच्या गल्लीसाठी कातलेली काया आपल्या गल्लीत चपखल बसली. तत्पूर्वी मोठी मोटार म्हणजे अँबॅसडर. मंत्री, जिल्हाधिकारी आणि लग्नातील नवरदेव यांचे ते वाहन. ती सुमारे १.६६ मीटर रुंद होती. २०१७ साली आलेली टाटांची नेक्सॉन करआकारणीच्या भाषेत ‘लहान’ मोटार. तिची रुंदी मात्र १.८ मीटर. मंत्र्यांच्या गाडीहून आपली ‘लहान’ गाडी अधिक रुंद असावी, यात थोडी मौज आहेच.

ही मौज घडली ती २००६ च्या अर्थसंकल्पामुळे. चार मीटरांहून आखूड आणि मर्यादित इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादनशुल्क त्या वर्षी २४ टक्क्यांवरून १६ वर आणण्यात आले. कारखान्यांनी लांबी छाटली. कित्येक गाड्यांची पाठ तर करवतीने कापल्यासारखी दिसते. लांबी अडवली गेली, तेव्हा वाढ गेली रुंदीत आणि उंचीत. पाणी बांध पाहून वाट काढते, तशी. आणि चौकटीत अडचण होते ती मुख्यतः रुंदीचीच.

आपल्याकडे चौकटीचे नियम नाहीत असे नव्हे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत २.५ गुणिले ५.५ मीटर हे मोटारीचे माप होते आणि काही हिस्सा २.३ गुणिले ४.५ चा ठेवण्याची मुभा होती. २००७ मध्ये अधिसूचित झालेल्या दिल्लीच्या बृहद् आराखड्याने एका मोटारीमागे, येण्याजाण्याच्या वाटेसह, उघड्यावर २३ चौरस मीटर आणि तळघरात ३२ चौरस मीटर धरले. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांतील कुटुंबासाठी घराचे चटईक्षेत्र धरले होते ३० चौरस मीटरांपर्यंत. दोन्ही आकडे एका रीतीने मोजलेले नाहीत, हे खरे; तरी ते शेजारी ठेवून पाहावेत. चौकट रुंदावण्याचा प्रश्न हा या दोन आकड्यांमधला प्रश्न आहे. दिल्लीच्या ज्या वस्त्यांत तळघर नाही, तेथे ही जागा पदपथातून घेतली जाते, आणि पायी चालणारा खाली रस्त्यावर उतरतो.

माझे मत सांगायचे तर, नव्या इमारतींत दार नीट उघडेल एवढी वाढ द्यावी आणि वृद्ध व अपंग यांच्यासाठी ३.६ मीटर रुंद चौकटी हात न आखडता ठेवाव्यात. परंतु उभ्या शहरात सरसकट रेघा सरकवणे म्हणजे अमेरिकेचा तोच फेरा आपल्या अंगणात फिरवणे होय. ज्याची गाडी अधिक जागा व्यापते त्याने अधिक मोजावे, हा मार्ग पॅरिसने चाचपला आहे. तेथे फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरिकांचे मत घेण्यात आले आणि १.६ टनांहून जड मोटारींचे रस्त्यावरील शुल्क तिप्पट करण्यास निसटता कौल मिळाला; विजेच्या गाड्यांसाठी मर्यादा दोन टनांची. मतदान मात्र जेमतेम सहा टक्के झाले, आणि स्थानिक रहिवाशांना त्यांच्या भागात सूट राहिली. शिवाय पॅरिसने मोजले ते वजन. रुंदी तेथेही सुटलीच.

आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. लहान मोटारीला १८ टक्के, मोठीला ४०. लहान कोणती, हे ठरवणारी रेषा इंजिनाच्या मर्यादेसह पुन्हा चार मीटर लांबीचीच आहे. रुंदीविषयी तीत एक अक्षरही नाही.