लोकमतातील लोक कोण?



‘लोकमत’ हा शब्द आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९१८ च्या सुमारास लोकनायक बापूजी अणे यांच्या पुढाकाराने यवतमाळात साप्ताहिक निघाले, तेव्हा त्याला हेच नाव मिळाले. ते नाव लोकमान्य टिळकांनी सुचविले, असे सांगतात. पुढे १९५२ साली जवाहरलाल दर्डा यांनी त्याच नावाने येथे पुन्हा साप्ताहिक काढले आणि १९७१ च्या डिसेंबरात नागपुरात त्याचे दैनिक झाले. नाव टिकले, वाढले, घरोघर पोचले. आमचा आजचा प्रश्न त्या नावातील पहिल्या दोन अक्षरांचा आहे. शंभर-दीडशे वर्षांत या जिल्ह्याचे मत म्हणून जे जे पुढे आले, त्यातील ‘लोक’ कोण होते?

आम्ही इतिहाससंशोधक नाही. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन वाचनालयांतून आणि कामगार कायद्यांच्या पुस्तकांतून झाले. तेव्हा आम्ही दरबारापासून सुरुवात न करता बाजारापासून करतो. वऱ्हाडात मते पिकतात ती कापसाबरोबर, आणि बाजारात कोणाला बसावयास जागा मिळते यावरून कोणाचे मत धरले जाते हे नेमके कळते.

१८५३ च्या तहाने निजामाचे वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. १८७० मध्ये मुंबई आणि लंडन समुद्री तारेने जोडली गेली. आपला जिल्हा मुख्य मार्गाच्या बाजूला राहिला. येथील कापूस बंड्या भरभरून धामणगावच्या स्टेशनावर जाई. पुढे किलिक-निक्सन या विलायती व्यवस्थापनाखाली मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी आली, तीच आपली शकुंतला.

या तारेने एक मोठी गोष्ट केली. लिव्हरपूलचा भाव दलालाला दिवसा-दोन दिवसांत कळू लागला. कास्तकाराला तो कळे बंडी बाजारात उभी राहिल्यावर आणि वेचणाऱ्या बाईला कधीच कळत नसे. ज्याच्या हाती बातमी आधी, त्याचे मत आधी तयार होते आणि सरकारच्या कानीही तेच आधी जाते. जिल्ह्याच्या व्यापारी मताचा पाया असा तारेवर घातला गेला.

आता बाजाराचा कायदा पाहू. १८८६ साली शेजारच्या कारंजाचा बाजार सरकारी नियमांखाली आला आणि १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. हिंदुस्थानात शेतमालाच्या बाजाराला नियम लावणारा हा पहिलाच कायदा. त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. वजनमापे ठरली, खरेदीची जागा ठरली, वाटेल त्याने वाटेल तेथे माल अडवावयाचा हे कमी झाले. परंतु बाजाराची समिती व्यापाऱ्यांची होती. ज्याने कापूस पिकविला त्याला त्या समितीत जागा नव्हती. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाला या उणिवेकडे बोट दाखवावे लागले. तीसच्या दशकात मध्यप्रांत-वऱ्हाडात नवे कायदे झाले, १९६३ साली महाराष्ट्राचा कृषी उत्पन्न बाजार कायदा झाला आणि कास्तकार हळूहळू त्या खुर्चीवर येऊन बसला. अलीकडच्या निवडणुकांतला हिशेब आपल्या माहितीचा आहे. अठरा संचालक असतात. अकरा सेवा सहकारी संस्थांचे, चार ग्रामपंचायतींचे, दोन व्यापारी-अडत्यांचे आणि एक हमाल-मापाऱ्यांचा. पाठीवर बोजा वाहणाऱ्याला अठरांत एक जागा मिळाली, तीही संघटनेच्या जोरावर. वेचणाऱ्या बाईचा मतदारसंघ अद्याप निघालेला नाही.

बाजारातून कापूस जिनात जातो. आपल्या तालुक्याच्या गावांत पहिली धुराडी उभी राहिली ती जिन-प्रेसची. नागपुरात १८७७ पासून एम्प्रेस मिल होती. तिचे कामगार बारमाही, एकाच वस्तीत राहणारे, म्हणून त्यांची युनियन उभी राहू शकली. आमचा जिन दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यात थंड पडतो. त्याचा कामगार हंगाम सरला की पुन्हा शेतमजूर होतो. या ‘हंगामी’ शब्दाचा इतिहास श्रोत्यांनी जरूर ध्यानात घ्यावा. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने वगळले. १९११ मध्ये ते कायद्याखाली आले. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यात आठवड्याचे ५४ तास ठरविले आणि हंगामी कारखान्यात ६०. कापसाची धूळ तीच, यंत्राचा दाता तोच, परंतु हंगामी माणसाचे सहा तास अधिक! १९४८ च्या कायद्याने कामाच्या तासांतला हा भेद काढला. तथापि त्याच वर्षीच्या राज्य विमा कायद्याने हंगामी कारखाना पुन्हा बाहेर ठेवला आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो बाहेरच आहे. ग्रॅच्युइटी बारमाही कामगाराला वर्षामागे पंधरा दिवसांची, हंगामी कामगाराला हंगामामागे सात दिवसांची. आमच्या मते ‘हंगामी’ या एका शब्दाने या जिल्ह्यातील कामगाराचे मत जितके दाबून ठेवले, तितके कोणत्याही मालकाने ठेवले नसेल. जो चार महिन्यांनी पांगणार, त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची घाई कोणालाच नसते.

एक प्रसंग मात्र असा आला की, जिल्ह्याचे मत खरोखर सगळ्यांचे झाले. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. वऱ्हाडाला समुद्र नाही. अकोल्याकडे दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ केले गेले, पण आमच्या डोंगरी भागात तेही नव्हते. आमच्याकडे होते जंगल, आणि त्या जंगलातील गवताच्या काडीवर सरकारचा परवाना. १० जुलै १९३० रोजी लोकनायक अणे यांनी पुसद येथे विनापरवाना गवत कापून कायदा मोडला. वकील, व्यापारी आणि विद्यार्थी तेथे गेले हे तर झालेच. महत्त्वाची गोष्ट अशी की, चराईचे पैसे भरणारा गुराखी, मोळी आणणारी बाई, गोंड, कोलाम आणि बंजारा यांना या लढ्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. स्वराज्य हा शब्द त्यांच्या विळ्याच्या धारेवर आला होता. नेत्याने लोकांच्या रोजच्या अडचणीवर बोट ठेवले, म्हणून लोक आले. परंतु त्या गवताचा हिशेब स्वराज्यातही लवकर मिटला नाही. १९२७ चा वन कायदा तसाच राहिला आणि जंगलात राहणाऱ्याचा हक्क मान्य करणारा कायदा यावयास २००६ साल उजाडले.

स्वातंत्र्यानंतर जिल्ह्याचे मत प्रांताच्या प्रश्नात गुंतले. १९४७ चा अकोला करार, १९५३ चा नागपूर करार, १९५५ साली राज्यपुनर्रचना आयोगाने केलेली वेगळ्या विदर्भाची शिफारस आणि १ मे १९६० चे महाराष्ट्र राज्य, हा क्रम आपल्याला पाठ आहे. अणे विदर्भाच्या बाजूने अखेरपर्यंत उभे राहिले. पुढे यवतमाळच्याच जांबुवंतराव धोटे यांनी तो आवाज रस्त्यावर आणला. त्याच काळात पुसदचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. एकाच जिल्ह्याने राज्य चालविणाराही दिला आणि राज्य मोडू पाहणाराही दिला! या दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य होती, ती म्हणजे कापसाला भाव हवा. १९७१ च्या कायद्याने कापूस एकाधिकार खरेदी आली. तीस वर्षे तिने कास्तकाराला आधारही दिला आणि चुकाऱ्यासाठी ताटकळतही ठेवले. २००२ नंतर खाजगी व्यापाऱ्याला वाट मोकळी झाली आणि ती योजना मागे पडली.

पुढचे सांगताना जीभ जड होते. १९८६ च्या मार्चमध्ये चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने जीवन संपविले. त्यानंतरच्या वर्षांत आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर याच कारणाने घेतले जाऊ लागले. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. २०१७ च्या पावसाळ्यात कापसावर औषध फवारताना या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. त्यांत रोजंदारीने पंप पाठीवर घेणारे अनेक मजूर होते. सभांतून ‘शेतकरी मेले’ असे म्हटले गेले. मेल्यावरही मजुराची गणती दुसऱ्याच्या नावावर व्हावी, यापरते दुर्दैव ते कोणते?

येथे कोणी कास्तकार उठून आम्हाला विचारील की, कापसालाच भाव नाही, तर आम्ही वेचाई वाढवून द्यावी कोठून? प्रश्न रास्त आहे. शरद जोशी यांच्या आंदोलनाचे म्हणणेही असेच होते की, भाव मिळाला की मजुरी आपोआप वर येईल. त्यात तथ्य आहे. रिकाम्या खिशातून मजुरी निघत नाही. परंतु ‘आपोआप’ या शब्दावर आमचा विश्वास नाही. मजुरी जेव्हा वाढली, तेव्हा तिला दुसरे बळ होते. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि दुसरीकडे काम मिळते असे दिसल्यावरच बाईला ‘या दरात येत नाही’ असे म्हणता आले. नाही म्हणण्याची सोय असेल तरच माणसाला मत असते. कास्तकारालाही कापूस चार दिवस घरी ठेवता आला तरच भावावर मत असते. दोघांचे दुखणे एकच आहे, आणि दोघांना एकमेकांसमोर उभे करून तिसऱ्याचा व्यवहार सुरळीत चालतो.

म्हणून आमची मागणी थोडी आहे. हमीभाव जाहीर होतो त्या दिवशी वेचाईचा आणि फवारणीचा दरही जाहीर व्हावा, आणि तो हिशेबात धरून भाव मागितला जावा. बाजार समितीत वेचणाऱ्यांना जागा मिळावी. हंगामी कामगाराची नोंद तालुक्याला राहावी, म्हणजे हंगाम संपला तरी त्याचा हक्क संपणार नाही. यापैकी एकही गोष्ट दिल्लीहून सुरू होण्याची वाट पाहावयास नको. येथे बसलेल्यांत अडते आहेत, संचालक आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत. येत्या हंगामाच्या पहिल्या सभेला आपल्या गावची वेचणारी चार माणसे बोलवा, त्यांना बसावयास खुर्ची द्या आणि आधी त्यांना बोलू द्या. त्या सभेत जो ठराव होईल, त्याला आम्ही यवतमाळ जिल्ह्याचे लोकमत म्हणू.