बारामतीचे पंत आणि डफावरची लावणी

श्रोतेहो, बारामती-इंदापूरकडच्या जत्रेत रात्रभर तमाशा पाहून तुमच्यापैकी कुणी सकाळी वडीलधाऱ्यांची बोलणी खाल्ली असतील, तर त्याने एक नाव ध्यानात ठेवावे: मोरोपंत. ‘केकावली’चे कर्ते, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने कऱ्हाकाठी राहिलेले, 1794 साली बारामतीतच वारलेले गाढे पंडित. आणि त्यांना आवडला कोण, तर सोलापूरचा राम जोशी!

घर पुराणिकांचे, पण पोरगा धोंडी शाहिराच्या फडाला लागला. थोरल्या भावाने, मुद्गल जोशांनी, घराबाहेर काढले. पंढरपुरास जाऊन संस्कृत शिकून आला, तरी डफ काही सुटेना. सांगतात, की पंतांनी त्याची लावणी ऐकली, खूश झाले, आणि ही वाणी कीर्तनाला लावा, असे सुचवले. त्यावर जोशांनी डफ फोडला म्हणे. फोडला असेलही, मला मात्र त्या डफाचे वाईट वाटते. पुढे पंतांच्या आर्या कीर्तनातून गावोगाव पोचवल्या त्या याच तमासगिराने. पण लावणी काही मेली नाही. 1947 साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा बोलपट निघाला, नि त्याला लोकांची रीघ लागली. ती काही कीर्तनासाठी नव्हे.