वनस्पतिजन्य डासअळीनाशके

वनस्पतिजन्य डासअळीनाशके म्हणजे डासांच्या अळ्या मारण्यासाठी किंवा त्यांची वाढ रोखण्यासाठी पाण्यात मिसळले जाणारे वनस्पतींचे अर्क, तेले आणि त्यांपासून वेगळी केलेली रसायने होत. कडुनिंब, सीताफळ, करंज, निर्गुंडी, घाणेरी अशा अनेक वनस्पतींवर भारतात या दृष्टीने प्रयोग झाले आहेत. तथापि प्रयोगशाळेत मिळालेल्या यशाच्या मानाने त्यांचा प्रत्यक्ष वापर अल्प आहे. गवती चहासारख्या वनस्पतींच्या तेलांचा डास पळवून लावण्यासाठी होणारा उपयोग हा वेगळा विषय आहे.

पार्श्वभूमी

डासाच्या अंडी, अळी, कोष व प्रौढ या चार अवस्थांपैकी अळी पाणी सोडून जाऊ शकत नाही. म्हणून तिच्यावर उपाय करणे प्रौढ डासाच्या तुलनेने सोपे असते. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती घरातील साठवणीच्या पाण्यात, शहरी हिवतापाचा वाहक ॲनोफिलीस स्टीफेन्सी विहिरी व गच्चीवरील टाक्यांत, तर हत्तीरोगाचा वाहक क्युलेक्स क्विंकीफॅसिएटस गटारे व सांडपाण्यात वाढतो. टेमेफॉस या सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकाचा दीर्घकाळ वापर झाल्याने अनेक देशांत एडिसमध्ये त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती आढळली. त्यामुळे पर्यायांचा शोध वाढला.

कार्यपद्धती

कडुनिंबाच्या बियांतील अझॅडिरेक्टिन हे या गटातील सर्वाधिक अभ्यासलेले संयुग आहे. ते १९६८ साली वेगळे करण्यात आले; त्याची रेणुरचना इतकी गुंतागुंतीची आहे की त्याचे संपूर्ण संश्लेषण २००७ मध्येच साध्य झाले. ते कात टाकण्याची प्रक्रिया नियंत्रित करणाऱ्या संप्रेरकांत व्यत्यय आणते. अळी लगेच मरत नाही. ती पुढच्या अवस्थेत जाताना किंवा कोष बनताना अडकते. सीताफळाच्या बियांतील ॲसिटोजेनिने मात्र पेशींतील तंतुकणिकांमधील श्वसनप्रक्रियेवर आघात करतात.

हा फरक चाचणीच्या वेळी महत्त्वाचा ठरतो. नेहमीच्या पद्धतीत तिसऱ्या अवस्थेच्या अखेरच्या किंवा चौथ्या अवस्थेच्या सुरुवातीच्या अळ्या अर्काच्या वेगवेगळ्या संहतींत ठेवून २४ तासांनंतर मेलेल्या अळ्या मोजतात आणि निम्म्या अळ्या मारणारी संहती काढतात. कडुनिंबाचा परिणाम या मुदतीत पुरता दिसत नाही. अशा द्रव्यांसाठी प्रौढ डास बाहेर पडेपर्यंत निरीक्षण करावे लागते. तसे न केल्यास उपयुक्त अर्कही निकामी ठरण्याची शक्यता असते. अर्क काढण्यासाठी वापरलेले हेक्झेन किंवा मिथेनॉल स्वतःच अळ्यांना घातक असल्याने, केवळ विद्रावक मिसळलेल्या पाण्याची तुलनाही आवश्यक असते.

मर्यादा

एकाच जातीच्या दोन झाडांच्या अर्कांची ताकद सारखी नसते. जमीन, ऋतू, बियांची साठवण आणि विद्रावक यांनुसार ती बदलते, म्हणून निरनिराळ्या संशोधनांतील आकडे एकमेकांशी ताडून पाहणे अवघड जाते. अझॅडिरेक्टिन सूर्यप्रकाशात लवकर विघटित होते. उघड्या डबक्यात ते पुन्हा पुन्हा घालावे लागते. गटाराच्या पाण्यातील सेंद्रिय गाळामुळेही परिणाम घटू शकतो. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत कडुनिंबाचा कडू अर्क लोक स्वीकारत नाहीत, हीदेखील एक साधी पण निर्णायक अडचण आहे. टेमेफॉस मात्र लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत पिण्याच्या पाण्यात वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेली आहे.

अर्कातील अनेक संयुगांचे मिश्रण प्रतिकारशक्तीची वाढ लांबवू शकते. मावा किडीवर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ४० पिढ्यांनंतर शुद्ध अझॅडिरेक्टिनला ९ पट प्रतिकार निर्माण झाला. कडुनिंबाच्या बियांच्या अर्काला तो झाला नाही. डासांबाबत हाच निष्कर्ष गृहीत धरता येत नाही.

सुरक्षितता

'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी असा समज सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. उवांवरील घरगुती उपाय म्हणून वापरली जाणारी सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. डेरिस वेलीच्या मुळांतील रोटेनोन हे द्रव्य मासे मारण्यासाठी पूर्वापार वापरले जाते. एखादा अर्क माशांनाही घातक असेल, तर अळ्या खाण्यासाठी महाराष्ट्रात विहिरी व टाक्यांत सोडले जाणारे गप्पी मासेच त्याला बळी पडतील. म्हणून गप्पी व चतुराच्या अळ्यांवरील परिणाम तपासल्याशिवाय अर्क वापरणे योग्य नाही. घरातील साठवणीच्या पाण्यासाठी आरोग्य विभाग आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासण्याचा 'कोरडा दिवस' सुचवतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण ८ ते १० दिवस लागत असल्याने ही मुदत ठेवलेली आहे.